कूलरखालची माती

रात्रपाळी सुटते सहाला.
अजनीच्या लोको शेडमधून निघून
मानेवाडा रोडने घरी पोचेपर्यंत
एप्रिलच्या उन्हाला दात आलेले असतात.

त्या सकाळी कूलरखालच्या ओलीत दोघं उतरलेली.
पंख उंच धरलेले, मातीला लागू नयेत म्हणून,
मांडवापुढच्या चिखलातून जाताना
बायका शालूचा काठ धरतात तसे.
चोचीत ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा,
आणि सरळ पोर्चच्या स्लॅबला,
ट्यूबलाइटच्या मागे.
कमरेवर विटकरी पट्टा, शेपटीला कात्री.
लालबुडी भिंगरी, असं फिटर खोब्रागडेनं सांगितलं.
त्याला दोनच गोष्टी कळतात,
पाखरं आणि बेअरिंग.

मला झोप हवी होती. मी मोजत बसलो.
तासाभरात बेचाळीस खेपा.
मग काम बंद. दोघं तारेवर.
कालचा थर वाळल्याशिवाय पुढचा नाही.
आमच्या ठेकेदाराला हे कोणी शिकवलं असतं
तर बाथरूमची भिंत पाझरली नसती.

नवव्या दिवशी कूलरचा पंप जळला.
घरटं तेव्हा आडव्या निजवलेल्या सुरईसारखं,
पोट झालेलं, गळा राहिलेला.
खालची ओल दुपारपर्यंत भेगाळली.
यशोधरानं कपड्यांचं पाणी ओतून पाहिलं,
साबणाच्या फेसाला त्यांनी चोचही लावली नाही.
मी पिण्याच्या पाण्याचा तांब्या ओतला.
आली. नेलं. चिकटवलं.
संध्याकाळी गळ्याचा तुकडा स्कूटरवर फुटलेला.

दोष त्यांचा नव्हता.
आमच्या लेआउटमध्ये वरवर सगळा मुरूमच टाकलेला,
मुरूम कुणाला धरून राहत नाही.
म्हणून बेशाच्या पुढे, कुणाच्या तरी पडीक प्लॉटवरून
काळ्या मातीचं अर्धं पोतं आणलं,
कूलरखाली पसरून रोज भिजवलं.
भोयरकाकू कंपाउंडवरून बघत होत्या.
"पानी दोन दिवसाआड येऊन रायलं,
अन् तुमी माती कायले भिजवून रायले, बाप्पा?"
मी म्हटलं, काम चालू आहे.

घरटं झालं. पोट तांबडं, गळा काळा,
उधारीच्या सामानाचं दिसावं तसं.
दुसऱ्या पाळीला भिंगऱ्या पिसं आणू लागल्या,
कुठल्या कोंबडीची कोण जाणे,
हवेतल्या हवेत झेललेली.

मग एका सकाळी गळ्यातून गवताची काडी लोंबताना दिसली.
चिमणी.
आतून डोकं काढून अशी बघत होती
जणू सातबारा तिच्याच नावावर.
बाहेर भिंगऱ्या गोल गोल फिरत,
जवळ येत, ओरडत, परत फिरत.

मी काठी घेतली. यशोधरा दारात.
"दोन वर्षं झाली, चिमण्या याव्या म्हणून
लाकडी पेटी टांगून ठेवली तुम्ही.
आली ना आता?"
पेटी समोरच होती. रिकामी.
ऊन आत शिरून पार बाहेर पडत होतं.
काठी हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो
आठवत नाही.
त्या दिवशी झोप झाली नाही,
रात्री एका इंजिनाचा नट दोनदा आवळला.

तिसऱ्या दिवशी पंखा टांगायच्या हुकाजवळ,
पहिल्या घरट्यापासून दोन वीत अंतरावर,
स्लॅबवर काळे ठिपके.
आठ. दुपारी वीस.
पोत्यात तळाला चार ओंजळी माती उरली होती,
ती झाडून पसरली, तांब्या ओतला.

नवीन पंप आणलाय. बसवायचा आहे.
आता पोर्चमध्ये दोन बिऱ्हाडं.
खालून अंडी दिसत नाहीत,
पण गेल्या आठवड्यापासून
स्कूटरच्या सीटवर पांढरे शिंतोडे वाढलेत,
आणि माझी चाहूल लागली
की काळ्या गळ्याच्या आत काहीतरी
एकदम गप्प होतं.

स्कूटर मी बाहेर लावतो. उन्हात.
रात्री साडेनऊला ड्यूटीवर निघताना
सीट अजून तापलेली असते.
बसताना जरा दम धरावा लागतो.